कॅमेऱ्याकडे बघणारा दरवान

कैरोत, शुब्रा भागातल्या बेकरीपुढच्या रांगेत नाहेदच्या पुढे एक म्हातारा दरवान आणि त्याची लेक उभी होती. लेकीच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती. नाहेदने पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

"बाबा, सर म्हणाले, तुमच्यावरची फिल्म परत शूट कर. नाहीतर नापास."

"का? धूसर आलंय?"

"नाही. तुम्ही सारखे कॅमेऱ्याकडे बघताय. कॅमेरा तिथे नाहीच, असं वागायचं असतं."

"पण होता ना तो तिथे?"

"होता हो, पण..."

"तीस वर्षं दारावर बसतोय मी, रीहाम. कुणीतरी तासभर माझ्या दारात उभं आहे आणि मी मान वर करून बघायचं नाही? चोरांची चांगलीच सोय!"

"चोर कसले? मी होते!"

"तू होतीस म्हणून तर जास्तच बघितलं."

"हसू नका. माझी डिग्री अडकेल."

"अडकू दे. मी आंधळ्याचं सोंग करणार नाही."

रांग दोन पावलं सरकली. मुलगी जागची हलली नाही, म्हणून नाहेदही थांबली.

"परत शूट करावंच लागेल, बाबा."

"नाही म्हटलं ना!"

"ऐका तर. तुम्ही बघता आणि लगेच नजर खाली घालता, वरच्या मजल्यावरचे साहेब आल्यासारखी. उद्या तसं करायचं नाही."

"मग?"

"मी कॅमेरा बंद करेपर्यंत बघत राहायचं. थेट सरांच्या डोळ्यांत."