तिसऱ्या चाकाचा निषाद

रामराया, उभा तर केलास, आता शब्दही तूच पुरव! — हं, सरकून बसा मंडळी. खांबाजवळ मावशी उभ्या आहेत, त्यांना जागा द्या. आणि पेटीवाले बुवा, भाता जरा बेतानं. आजचं आख्यान कानाचं आहे!

प्रश्न असा. समजा, एखाद्याच्या हाताला देवानं कसब दिलं. त्यानं जीव ओतून एक वस्तू घडवली. अप्रतिम घडवली! ती दाराबाहेर गेली, आणि कुणा दुसऱ्याच्या घरात शिरून त्याला जखडून बसली. मग घडवणाऱ्याचं काय? तो म्हणतो, 'मी फक्त केली. वापरणारा तो!' — सुटला का तो? माना हलवू नका इतक्यात. ऐका.

मिरजेच्या एक बाई. चारुशीला दिवेकर. वय चौतीस. वाजवायच्या काय? जलतरंग! चिनी मातीच्या वाट्या समोर मांडायच्या, कमीजास्त पाणी भरायचं, हातात दोन काड्या — आणि टिंग! पाण्यातून सूर! पण जलतरंगाला आज विचारतो कोण? लग्नात बोलावतात, तेही पंगतीशेजारी बसवायला. इकडे बाई भूप वाजवतायत, तिकडे कोणी ओरडतोय, 'जिलबी इकडं!' (हसता काय? तुम्हीच ते!)

एके दिवशी पुण्याहून फोन आला. "नमस्कार, मी निरंजन सबनीस. आमचा गेम स्टुडिओ आहे. तुमचं वादन ऐकलं. आमच्या खेळाला तुमचे सूर हवेत."

बाई गेल्या. आणि मंडळी, आत पाऊल टाकलं — थक्क! चाळीस माणसं, चाळीस पडदे, आणि देवघरासारखी शांतता! एक मुलगी फक्त मोती रंगवतेय. एकच मोती! त्यावरची चमक कुठून कुठं सरकावी, यावर तिचे अकरा दिवस गेलेले. अहो, आपण गणपतीच्या डोळ्यांना तेवढे देत नाही!

सबनीस म्हणाले, "चारुशीलाताई, हा ऑनलाइन कॅसिनोचा खेळ आहे. 'मोतीतळं.' परदेशातल्या एका कंपनीसाठी करतोय."

कळलं ना? कॅसिनो म्हणजे नुसता मांडव! आतली आरास, वाजंत्री, आलेल्या पाहुण्याला बसतं करायची सगळी कला — ती या स्टुडिओची.

फोनच्या पडद्यावर तीन चाकं. बोट लावलं की गरगर फिरतात. तिन्हींवर मोती आला, जिंकलात! पहिलं थांबलं — मोती! दुसरं थांबलं — मोती! तिसरं मात्र हळू... हळू... अजून हळू...

बाईंनी विचारलं, "हे तिसरं कुठं थांबणार, हे कधी ठरतं?"

सबनीस हसले. "बोट लागलं त्या क्षणी ठरलेलं असतं ताई. पुढचं सगळं दाखवायचं."

अंगावर काटा येतो की नाही? निकाल लागलेला आहे, आणि माणूस श्वास रोखून वाट बघतोय! त्या रोखलेल्या श्वासासाठी चाळीस माणसं राबतायत. त्या श्वासाला सूर द्यायचा, हे बाईंचं काम.

आणि त्यांनी काय केलं माहितेय? सांगत नाही, दाखवतो. बुवा, वाजवा — ग, म, प, ध, नि... हात काढा! काढा हात!

बघा! अख्खा सभामंडप अवघडला! कुणी चुळबुळ केली, त्या आजोबांनी तर स्वतःच 'सा' लावला! हा 'नि' म्हणजे निषाद, 'सा'च्या अलीकडचा उंबरा हो. पाऊल उचललंय, घरात पडायचंय. बाईंनी तिसऱ्या चाकाला तो निषाद दिला. मोठा डाव जिंकला तरच 'सा'. हरला की निषाद तसाच लोंबकळत! कान म्हणतो, पुन्हा लाव बोट, घर आलंच!

— वाजवा बुवा आता 'सा', नाहीतर कुणी मला जाऊ देणार नाही.

एकदा मात्र बाईंना खटकलं. दहा रुपये लावले, चार परत आले, आणि घंटा किणकिणली, मोती उधळले.

"सर, यात सहा गेले ना? मग घंटा कसली?"

"चार आले ना? मन येणाऱ्याकडे बघतं."

बाई पुन्हा वाट्यांकडे वळल्या. खोटं कशाला सांगू, त्यांनीच मला सांगितलं, "मला भीती वाटली नाही. मला कौतुक वाटलं! एवढ्या बारकाईनं माझा सूर आजवर कुणी ऐकलाच नव्हता." सात आठवडे बाई त्या एका निषादावर बसल्या. पाणी थेंबाथेंबानं कमीजास्त केलं. खेळ बाहेर पडला, देशोदेशी गाजला. पेढे वाटले!

पुढं वर्षभरानं तंबोरा बिघडला म्हणून बाई मिरजेत रहीमचाचांकडे गेल्या. चाचा म्हणजे साठ वर्षं तंबोरे-सतारी करणारा माणूस. तारेखालची घोडी अशी घासायचे की तार बोलू लागायची, आसपासची हवा घुमायची! लहानपणी बाईंना सूर ओळखायला त्यांनीच शिकवलं.

भर दुपार. दुकानात भोपळे टांगलेले, भुसा पडलेला, पण कानशीचा आवाज नाही. आवाज कसला? टिंग... टिंग... टिंग...

बाई उंबऱ्यातच थिजल्या. स्वतःचा सूर कोण ओळखणार नाही?

चाचा भिंतीला टेकून, फोन डोळ्यांशी धरून. समोर तीन तंबोरे तसेच पडलेले. दोन महिने झाले, गवई फेऱ्या मारून थकले.

"चाचा!"

"थांब पोरी. जरा थांब."

चाक थांबलं. मोती नाही. बोट पुन्हा लागलं.

"चाचा, हे कधीपासून?"

"जाहिरात आली, उघडली. आता खोटं नाही सांगत, पैसे बरेच गेले. पण पैशाचं नाही गं. हे ऐक. हा निषाद बघ कसला लावलाय! साठ वर्षं या कानाला एकच शिस्त — सा लागल्याबिगर तंबोरा खाली ठेवायचा नाही. आता उठू कसा? सा लागत नाही!"

मंडळी, बाकीच्यांना लोभानं धरलं असेल. या माणसाला त्याच्या साधनेनं धरलं! साठ वर्षांची तपश्चर्या, तिचाच दोर झाला!

बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "चाचा, तो निषाद मी लावलाय. माझ्या वाट्या आहेत त्या."

चाचांनी फोन खाली केला. बाईंना वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात, असंच वाटत होतं. चाचांचे डोळे भरून आले.

"तू? अगं... काय बांधलंयस पोरी! असा निषाद मी उभ्या जन्मात ऐकला नाही!"

शाबासकी! ज्यानं कान दिला, त्याची शाबासकी — आणि ती अशी लागली की बाई हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या पुण्यात. "सर, हरणाऱ्यालाही शेवटी सा द्या. एक सूर. काही मागत नाही दुसरं."

सबनीस वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बघू करून." आठवडाभर थोड्या लोकांना तसा खेळ दिला. मग बाईंना बोलावलं. त्याचा चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत नवल.

"ताई, लोक उठले. तुमच्या एका सुरानं लोक निम्म्या वेळात फोन ठेवून उठले! कुणी हरला म्हणून नाही, जिंकला म्हणून नाही. नुसतं... झालं, असं वाटून."

"मग ठेवा ना तसंच!"

त्यानं समोरचा पडदा बंद केला. "उठणारा माणूस आमच्या गिऱ्हाइकाला, त्या परदेशी कंपनीला, नकोय ताई."

बाईंनी स्टुडिओचं काम सोडलं. पण सूर? ते विकले होते, सही करून. मंडळी, 'मोतीतळं' आजही चालू आहे. निषाद त्यांचाच आहे. आत्ता, मी बोलतोय तेव्हा, कुठल्या तरी देशात कुणीतरी त्यावर लटकलेलं आहे. बाई ते विसरत नाहीत.

चाचा? एका दिवसात सुटले नाहीत. दोनदा परत त्या खेळाकडे वळले. बाई रोज दुपारी दुकानात वाट्या घेऊन बसायच्या. चाचांचा हात फोनकडे गेला की वाजवायच्या — ग, म, प, ध, नि, सा. पुन्हा, सा. दीड महिन्यानं एका दुपारी चाचांनी कानस उचलली. घोडी घासली, तार छेडली, आणि दुकान घुमलं! "ऐक," म्हणाले, आणि बाईंनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

आता मान हलवा. सुटला का कारागीर?

मला विचाराल तर बाईंचं पाप कसबात नव्हतं. वर्षभर त्यांनी एकदाही विचारलं नाही, की माझं काम ज्याच्या हातात पडतं तो माणूस कसा आहे. त्या दुकानाच्या पायरीवर योगायोगानं पोचल्या.

तुम्ही? कुणी मिठाई करता, कुणी औषधं विकता, कुणी शिकवणीच्या जाहिराती लिहिता. उत्तम करता, मला ठाऊक आहे. पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी शेवटचे कधी गेला होतात? घेताना नव्हे, घेऊन झाल्यावर? या आठवड्यात एकाच्या तरी दाराशी जा. बसा. पाणी मागा. आणि विचारा — 'माझ्यामुळं तुमचं बरं चाललंय ना?'

उत्तर ऐकेपर्यंत उठू नका.