शेवटचे प्रकरण येथेच बसून वाचावे

ग्रंथपाल : आधी पुस्तक इकडे, मग प्रकरण. नियम म्हणजे नियम, मिस्त्री.

बॉयलरवाला : घ्या हो काका, घ्या. पण जरा हात उचला. लॉन्ड्रीतून इथवर पळत आलोय.

ग्रंथपाल : शेजारच्या दारातून येणाऱ्याला दम लागावा? आणि हा मुखपृष्ठावर डाग कसला? तेलाचा?

बॉयलरवाला : घामाचा आहे. गोष्टीतला तो भाचा विहिरीत उतरतो ना, तिथला.

ग्रंथपाल : मग माफ. तिथे सगळ्यांनाच फुटतो. थांबा, खणाची किल्ली कुठे ठेवली... तुम्हाला वाटत असेल, म्हातारा हौसेनं शेवटची प्रकरणं कापून ठेवतो.

बॉयलरवाला : मला काही वाटत नाही. मला प्रकरण द्या.

ग्रंथपाल : पूर्वी पुस्तक गेलं की गेलं. घरी जाऊन मागावं, तर लोक मलाच पाणी विचारायचे आणि पुस्तकाचं नाव काढायचे नाहीत. आता बघा. शेवट माझ्याकडे, म्हणून पुस्तक आपल्या पायांनी चालत येतं. एक गृहस्थ तर परवा अर्धी दाढी करून आले होते. उरलेली अर्धी शेवट वाचून झाल्यावर केली.

बॉयलरवाला : काका!

ग्रंथपाल : हे घ्या. त्या बाकावर बसा. घरी न्यायचं नाही, पानाला थुंकी लावायची नाही, आणि शेवट कोणाला सांगायचा नाही. मी स्वतः आजवर एका जिवाला सांगितलेला नाही. आमच्या सासऱ्यांनी अगदी शेवटच्या दिवशी खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, खून कोणी केला तेवढं सांगा. नाही सांगितलं. बिचारे माळ्यावर संशय ठेवूनच गेले.

बॉयलरवाला : आणि माळी होता का?

ग्रंथपाल : वाचा.

(बॉयलरवाला बाकावर बसून वाचू लागतो.)

ग्रंथपाल : आज ऊब जरा जास्तच वाटते नाही? तुमचीच कृपा. पलीकडे तुमचा बॉयलर, अलीकडे माझी पुस्तकं, मध्ये वीतभर भिंत. म्हणून तर रहस्यकथांचं कपाट मी त्या मधल्या दारालाच लावून टाकलं. तुमच्या इस्त्रीच्या खोलीचं दार हो ते. एक पान सर्दत नाही.

बॉयलरवाला : हं.

ग्रंथपाल : सुट्टी आज?

बॉयलरवाला : नाही.

ग्रंथपाल : मग बॉयलरपाशी कोण?

बॉयलरवाला : मेहुणा. आता बोलू नका, तो जिना चढतोय.

ग्रंथपाल : मेहुणा?

बॉयलरवाला : खुनी हो!

ग्रंथपाल : बरं बरं. मेहुणा कामात तयार आहे ना?

बॉयलरवाला : माझ्याच हाताखाली शिकलाय. जागचा हलायचा नाही. सकाळपासून त्यानं मान वर केलेली नाही.

ग्रंथपाल : वा. वाफेच्या दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून बसलाय म्हणा.

बॉयलरवाला : काट्यावर कशाला? पुस्तकावर.

ग्रंथपाल : कोणत्या?

बॉयलरवाला : ते दीपगृहाचं. त्याच्या कार्डावर मीच नेलं होतं. आधी हातात घेत नव्हता. म्हणे, दाजी, कामावर नको. म्हटलं, अरे एक पान तर वाच, आवडलं नाही तर ठेव. तेव्हापासून असा बसलाय, कोणी चुन्यानं चिकटवावा तसा. बॉयलरवर असाच बसणारा माणूस लागतो. नाहीतर ही हल्लीची पोरं, सारखी आपली चहाला.

ग्रंथपाल : मिस्त्री, दीपगृह छोटं आहे.

बॉयलरवाला : असेल.

ग्रंथपाल : एका बैठकीत संपतं. म्हणजे, शेवटच्या प्रकरणापर्यंत.

बॉयलरवाला : हं.

ग्रंथपाल : आणि ते शेवटचं प्रकरण या खणात आहे.

बॉयलरवाला : काका, मी तुम्हाला हात जोडतो. दोन पानं राहिलीत.

ग्रंथपाल : नाही, मी काय म्हणतो, पलीकडे एवढं शांत का? एरवी इस्त्रीच्या यंत्रांचा दणदणाट असतो.

बॉयलरवाला : जेवणाची सुट्टी. बायका तिथेच खोलीत डबे उघडून बसतात. आमची हीसुद्धा तिथेच आहे.

ग्रंथपाल : म्हणजे यंत्रं बंद.

बॉयलरवाला : बंद.

ग्रंथपाल : वाफ कोणी वापरत नाही.

बॉयलरवाला : नाही.

ग्रंथपाल : आणि खाली जाळ चालू.

बॉयलरवाला : जाळ चालूच असतो हो! वाफ साचते, फार साचली की सेफ्टी व्हॉल्व्ह आपला आपण उघडतो, आणि शिट्टी होते. तुम्हाला माहीत नाही का?

ग्रंथपाल : माहीत आहे म्हणूनच विचारतो. रोज जेवणाच्या सुट्टीत ती वाजते आणि रोज मी चहा सांडतो. आज माझा चहा संपला. सगळा पोटात गेला.

बॉयलरवाला : वाजेल. आज जरा उशिरा वाजेल.

(दार धाडकन उघडतं. मेहुणा आत येतो, काखेत पुस्तक.)

मेहुणा : काका, दीपगृहाचं शेवटचं! लवकर! तो दिव्याच्या खोलीत... अरे, दाजी? तुम्ही इथे?

ग्रंथपाल : बॉयलरपाशी कोण आहे?

मेहुणा : दाजी. म्हणजे, दाजी चहाला गेलेत, एवढ्यात येतील, असं मला वाटलं.

बॉयलरवाला : आणि तुला बसवून आलो होतो तो कशाला?

मेहुणा : बसलोच होतो की! पुस्तक संपेपर्यंत हललो का जागचा?

ग्रंथपाल : मिस्त्री, उठा.

बॉयलरवाला : उठतो. दीड पान. शिट्टी आहे ना, ती झाली की पळतच...

ग्रंथपाल : हात लावा या भिंतीला.

बॉयलरवाला : एवढा परिच्छेद. त्यानं दिवा लावलाय, आता तोंड दिसेल.

ग्रंथपाल : मिस्त्री, खून पहारेकऱ्यानं केला.

बॉयलरवाला : ...काय?

ग्रंथपाल : पहारेकऱ्यानं. संपली गोष्ट. उठा.

बॉयलरवाला : काका, तुम्ही सांगितलंत? तुम्ही?

ग्रंथपाल : मी. सासऱ्यांना सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगितलं.

बॉयलरवाला : पण पहारेकरी तर पहिल्या पानापासून झोपलेला आहे!

ग्रंथपाल : म्हणूनच. मालकीणबाई हाका मारत होत्या, हा उठला नाही. आता तुम्ही तरी उठा.

बॉयलरवाला : सगळ्या पुस्तकाची माती केलीत. चल रे. आणि तू निघालास तेव्हा काटा कुठे होता?

मेहुणा : काटा... बघितला नाही. शिट्टी आहे ना म्हणून... म्हणजे...

बॉयलरवाला : म्हणजे काय?

मेहुणा : दाजी, रागावू नका. सकाळी एकदा वाजली. तिकडे दीपगृहात दिवा विझतो, जिन्यावर ओल्या पायांचा आवाज येतो, आणि नेमकी ही शिट्टी किंचाळली. जीवच गेला माझा. म्हणून व्हॉल्व्हला जरा पाचर मारली. लाकडाची, साधीच. पुस्तक संपलं की काढणार होतो.

बॉयलरवाला : पुस्तक संपलं ना तुझं?

मेहुणा : कुठे संपलं? शेवटचं प्रकरण इथे होतं.

ग्रंथपाल : अरे देवा.

बॉयलरवाला : मी आधी भट्टीतला जाळ बाहेर ओढतो, मग पाचर. तू पलीकडे येऊ नकोस. इस्त्रीच्या खोलीला तिकडून वाट बॉयलरजवळूनच आहे. काका, हे मधलं दार मोकळं करा आणि बायकांना इकडून काढा. पाचर निघाली की शिट्टी होईल. तेवढी ऐकू आली की समजा.

ग्रंथपाल : जपून, मिस्त्री... गेला. तू काय बघतोस? कपाट ओढ.

मेहुणा : हलत नाही, काका. भरलेलं आहे.

ग्रंथपाल : मग रिकामं कर. फेक खाली.

मेहुणा : पुस्तकं?

ग्रंथपाल : फेक म्हणतो ना! चार चार एकदम. असं.

मेहुणा : तुम्ही तर पान दुमडलं तरी ओरडता.

ग्रंथपाल : आज ओरडणार नाही. फेक... काय झालं? थांबलास का?

मेहुणा : काका, दीपगृहाचा दुसरा भागही आहे?

ग्रंथपाल : टाक तो खाली!

मेहुणा : टाकला, टाकला. सरकतंय आता. लावा जोर. हं... आलं दार. कडी त्यांच्या बाजूला आहे. ताई! अगं ताई, दार उघड!

ग्रंथपाल : काय म्हणाली?

मेहुणा : काही नाही. वाचतेय.

ग्रंथपाल : वाचतेय?

मेहुणा : रोज जेवताना सगळ्याजणींना मोठ्यानं वाचून दाखवते. तुमचंच ते कोर्टाचं. ताई! बॉयलर फुटेल! बाहेर या सगळ्या!

ग्रंथपाल : ऐकलं का?

मेहुणा : कोणीतरी "शू" केलं.

ग्रंथपाल : पुन्हा मार हाक. दार बडव.

मेहुणा : ताई म्हणतेय, तुझ्या थट्टा पुरे झाल्या, मुका साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिलाय. काका, दार तापलंय हो.

ग्रंथपाल : सरक. मला त्या खणातलं दे, तिसरी घडी. हं. बायांनो! मी वाचनालयातला काका बोलतोय! कोर्टाचं शेवटचं प्रकरण माझ्या हातात आहे! जी दार उघडेल तिला मिळेल!

मेहुणा : थांबली वाचायची.

ग्रंथपाल : आणखी?

मेहुणा : डबे सरकवतायत. भांडतायत. कडी निघाली, काका, निघाली!

ताई : कुठे आहे प्रकरण? आणि ही सगळी पुस्तकं जमिनीवर काय करतायत?

ग्रंथपाल : नंतर सांगतो. आधी सगळ्याजणी इकडून बाहेर. रस्ता ओलांडा. त्या समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत चला, तिथे देतो.

ताई : इथेच बसून वाचायचं असतं ना? पाटी लावलीय तुम्ही.

ग्रंथपाल : आज पाटी उतरवली. चला, पुस्तकांवर पाय पडला तरी चालेल, चला. कोणी मागे राहिलं नाही ना?

मेहुणा : नाही. मी दारात उभा राहून बघितलं. खोली रिकामी आहे.

ताई : पुरे झाली पळापळ. आलो पायरीपर्यंत. द्या आता.

ग्रंथपाल : घ्या.

ताई : एवढं घाबरवलंत ते कशासाठी? आणि हे कुठे आहेत?

मेहुणा : दाजी? दाजी बॉयलरपाशी.

ताई : मग झालं तर. हे जागेवर असले की मला कधी काळजीच नसते. बसा गं सगळ्या. काका, मोठ्यानं वाचू?

ग्रंथपाल : नको. शिट्टी होईपर्यंत कोणी काही बोलू नका.