पलंगाची फट

सून : हात नका लावू, अहो आई. आधी ही बॅटरी धरा आणि तुमच्या पलंगाच्या या फटीत बघा.

सासू : बघितलं. धूळ आहे. लाकूड म्हटलं की धूळ बसायचीच.

सून : धूळ? थांबा, ओला बोळा फिरवते. दिसलं? तांबूस डाग पसरला. धुळीत रक्त असतं का?

सासू : ईऽऽ! मग मी तरी दुसरं काय सांगत होते? तुझ्या आईच्या दुलईतून आलेत हे ढेकूण.

सून : सांगत नव्हतात, भरल्या ताटावर सुनावत होतात. पाहुण्यांदेखत! “विहीणबाई, आमच्याकडे असले प्रकार नसतात हो.” डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई, हातातला घास ठेवून उठली. सकाळ झाली तशी निघूनही गेली.

सासू : मग काय खोटं बोलले? ती यायच्या आधी या घरात एक तरी ढेकूण दिसला होता?

सून : दिसला नव्हता. पण तुमच्या दंडावरच्या गांधी? त्या तर ती येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या.

सासू : ते पित्त आहे माझं.

सून : पित्त कुठेही उठतं. या गांधी एकीशेजारी एक, ओळीनं. आणि झोपेत जेवढं अंग उघडं पडतं तेवढ्यावरच. तुम्ही वांगं सोडलंत, शेंगदाणे सोडलेत. ढेकणांनी तुम्हाला सोडलं नाही!

सासू : असं? मग माझा लेकही दुपारी याच पलंगावर पडतो, त्याला बरे नाही चावले?

सून : चावलेच असतील. काहींच्या अंगावर उठतच नाही काही. म्हणून तर तो कानांवर हात ठेवून मोकळा. आता इकडे बघा, उशाच्या फळीमागे. ही पिवळट टरफलं दिसतात? ढेकूण वाढताना कात टाकतो, ती ही. थर साचलाय नुसता! माझी आई जेमतेम आठवडाभर राहिली, तीही खाली गादी टाकून. एवढं गोकुळ आठवड्यात होतं?

सासू : म्हणजे? तुला म्हणायचंय तरी काय?

सून : हा पलंग कुणाकडून आला?

सासू : खबरदार माझ्या लेकीचं नाव घेशील तर! घर बदलताना मायेनं दिलाय तिनं. तिचं घर म्हणजे आरसा आहे, आरसा!

सून : असेल की. ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतं. आरशासारख्या घरातही माणसंच झोपतात ना? वन्संना कळलंही नसेल. त्यांच्यावर नाही माझा राग. वापरलेला पलंग घरात घेताना उलटापालटा करून बघायला हवा होता. आपण कुणीच बघितला नाही, मीसुद्धा नाही. पण लेकीचा पलंग सोवळा आणि माझ्या आईची दुलई तेवढी ओवळी? हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी!

सासू : पुरे आता. रॉकेल आण. ओतते त्या फटीत, म्हणजे कटकट संपेल.

सून : घर पेटवायचंय का? आणि हा पलंग दुसऱ्या खोलीत ओढायचा नाही, नाहीतर तिकडेही पसरतील. चादरी इथेच पिशवीत भरून तोंड बांधायचं, मग थेट कढत पाण्यात. फवारणीवाल्याला बोलावलंय. अंडी उरतात, म्हणून तो दोनदा येणार. मग फटी बुजवू, पलंग भिंतीपासून सुटा ठेवू. सगळं मी करते. तुम्ही फक्त बोलायचं. फोन लावलाय.

सासू : अगं, कुणाला? आत्ता? थांब ना जरा—

(फोनचा स्पीकर सुरू आहे.)

विहीणबाई : बोल गं बाळा.

सासू : मी बोलतेय, विहीणबाई. ते... ते ढेकूण. आमच्याच पलंगात निघाले हो.

विहीणबाई : माहीत आहे मला.

सून : काय? कधीपासून?

विहीणबाई : आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पलंगाला टेकून बसले होते, फळीवर काळे ठिपके दिसले. एका डोळ्यानंसुद्धा दिसले.

सून : आणि बोलली नाहीस? एवढं ऐकून घेतलंस, तरी मूग गिळून बसलीस?

विहीणबाई : लेकीच्या सासरी पाहुणी जाऊन काय सांगू, तुमच्या पलंगात ढेकूण आहेत म्हणून? मी येणार निघून. पुढे ऐकायचं तुला होतं.

सून : मला काय तोंड नाही? तू गप्प बसलीस आणि इकडे ते वाढत राहिले! कुणाचं भलं झालं सांग त्यानं? आई, मला तुझासुद्धा राग आलाय.

विहीणबाई : येऊ दे. खरं आहे तुझं.

सासू : तिला नका बोलू देऊ... म्हणजे, तुम्ही नका ऐकून घेऊ. चूक माझी. चारचौघांत बोलले, चारचौघांतच मागे घेईन. पण आधी तुमच्याकडे यावं म्हणते. चालेल?

विहीणबाई : या की. फक्त पिशवी दाराबाहेर ठेवून आत या हं. ... अहो, गंमत केली.

सासू : गंमत नको. बाहेरच ठेवते.