पापलेटांशेजारी अर्धा तास
अरे, अंधेरीत जन्म काढलेल्या माणसाला हिमालयाची थंडी काय कळणार? हिमालयातल्या मोहिमेसाठी चोरबाजारातून मी लढाईतले उरलेले दोन जाड कोट आणले, पण ऊबदार कोणता ते समजेना. चुकलो असतो तर वर गारठून वाट लागली असती. वर्सोव्याचा माझा कोळी दोस्त हिराजी म्हणाला, "आमच्या मासळीच्या बर्फात बसून बघ ना!"

बसलो. एकेक कोट घालून पापलेटांशेजारी अर्धा अर्धा तास. खाकी कोट झकास निघाला.

पण पहिल्याच मुक्कामाला मोहिमेतले सगळे सोबती ओरडले, "तू तंबूबाहेर बस रे!" एकटा कलकत्त्याचा घोषबाबू मात्र मला चिकटला. कोटात नाक खुपसून म्हणाला, "राहू द्या ना याला, घरी आल्यासारखं वाटतंय."