पुढच्या चाकातली चूक

जबाब देणारीचे नाव: ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. बोलण्यात सर्वजण तारामावशी म्हणतात. वय ५८ वर्षे. धंदा: सायकल दुरुस्ती, वडिलांपासून चालत आलेला. राहणार: दुकानाच्या वरच्या खोलीत, एकटी.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील मजकूर माझाच आहे. तारामावशी हे नाव सायकलच्या तारांवरून पडले आहे. तारा नावाची बाई मी नव्हे, हे आधी लिहावे, कारण तक्रारीत तसे लिहिले गेले आहे. पुढचं मी जसं बोलते तसंच लिहावं, नाहीतर सही करणार नाही, असं मी सांगितलं. लिहिणाऱ्या साहेबांनी कपाळाला हात लावला, पण मान्य केलं.

माझ्यावर तक्रार अशी आहे की, निवृत्त पोस्टमन, वय ६४, यांची फाटकाच्या आतून चोरीला गेलेली जुनी सायकल माझ्या दुकानाबाहेर टांगलेली सापडली, आणि ती मागायला ते आले तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला व आरडाओरडा केला. टांगलेली, हे खरं आहे. हात धरला, हेही खरं आहे. आवाज माझा मुळातच मोठा आहे. चोरी मात्र साफ खोटी.

सायकल मला चार महिन्यांपूर्वी, सोमवारी सकाळी अंदाजे दहा वाजता भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली. वर मोडकं कपाट, रंगाचे रिकामे डबे आणि खालून नुसतं हँडल बाहेर आलेलं. भंगारवाला वीस वर्षांच्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, एका घरात रंगकाम चाललंय, घरच्यांनीच उचलून दिली. ‘म्हातारे फिरायला गेलेत तोवर ने’ असंही म्हणाले. कोण म्हणालं ते त्याला विचारा, तो बाहेर बाकावर बसला आहे. तक्रारदार इथे समोर आहेत, त्यांच्या घरातलं मला उकरायचं नाही. मी त्याला दोन वाकलेल्या रिमा आणि एक लोखंडी फ्रेम दिली आणि ही सायकल उतरवून घेतली.

एवढं ऐकून तक्रारदारांनी चष्मा काढून पुसला. साहेबांनी त्यांना पाणी दिलं.

सायकल कुठली, ते ओळखायलाच मला दोन दिवस लागले. पुढची नावाची पट्टी गेलेली, खिळ्यांची दोन भोकं तेवढी शिल्लक. वरून हिरवा रंग, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा. खरवडत गेले तर सगळ्यांत तळाशी काळा, आणि काळ्यावर बारीक सोनेरी रेघ. रेघ हाताने ओढलेली होती, एका ठिकाणी ओढणाऱ्याला बहुतेक शिंक आली असावी. पायडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथे खालच्या बाजूला रॉकेलच्या बोळ्याने घासल्यावर पाच आकडी नंबर निघाला. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत सायकलींच्या नंबरांची जुनी पुस्तिका आहे, तीत तो सापडला. ही सायकल माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे. वयाच्या मानाने माझ्यापेक्षा बरी टिकली.

तीन आठवडे काम केलं. छर्रे नवे घातले, ब्रेकच्या दांड्या सरळ केल्या, घंटी उघडून आतला गंज काढला. काळा रंग चढवला, रेघ पुन्हा ओढली. पुढचं चाक बघितलं तर उत्तम होतं. फिरवून पाहिलं, केसाएवढा आऊट नाही. चाक जरा डुगडुगलं की आम्ही त्याला आऊट म्हणतो. म्हटलं, चला, एक काम वाचलं. टायर तेवढे नवे चढवले आणि शेवटी हवा भरायला बसले, तर पंपाचं तोंड वॉल्व्हवर बसेना.

इथे साहेब म्हणाले, बाई, मुद्द्याचं बोला. हाच मुद्दा आहे. चाकात तारा घालताना पहिली तार कुठल्या भोकात घालायची याला नियम आहे. वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून लांब जायला हव्यात, म्हणजे पंपाला जागा राहते. पहिली तार एक भोक चुकली की सगळं चाक चुकतं, आणि वॉल्व्ह दोन तारांच्या कात्रीत सापडतो. चाक पळतं झकास, पण हवा भरताना जीव जातो. ही चूक नवशिका करतो, शिव्या खातो आणि सुधारतो. असलं बिनआऊटचं चाक बांधण्याइतका हात तयार झालेला माणूस ही चूक करत नाही. एवढं शिकून ही चूक करणारा मी जन्मात एकच पाहिला. मी पंप खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. दोन गिऱ्हाइकं आली आणि परत गेली, असं शेजारचा चावीवाला सांगतो. मला काही आठवत नाही.

मला एक थोरला भाऊ होता. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, डावखुरा. बाबांनी आम्हा दोघांना एकाच बाकड्यावर चाक बांधायला शिकवलं. दादा सगळं उलट्या बाजूने सुरू करायचा, त्यामुळे त्याची पहिली तार दर वेळी चुकायची. बाबा ओरडायचे, ‘पंप कुठे लावू, तुझ्या टाळक्याला?’ दादाचं उत्तर ठरलेलं, ‘चाक पळतंय ना? मग झालं.’ दोघंही एका मुशीतले, कुणी माघार घ्यायचं नाही. शेवटी मी स्टोव्हची पितळी नळी वाकवून पंपाला लावायचं एक वाकडं तोंड केलं. ते कात्रीतून आत जायचं. दादाच्या चाकांत हवा मीच भरायची. बाबांना कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

चौतीस वर्षांपूर्वी, बुधवारी दुपारी चारच्या सुमारास, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना, बाबांना दादाने नुकतंच बांधलेलं एक चाक दिसलं. शब्दाला शब्द वाढला. बाबांनी पक्कड काढली आणि ती दादाला दिली नाही, स्वतःही घेतली नाही. माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘तोड.’ मी चोवीस वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. नाही म्हणता आलं असतं. त्या चाकात बत्तीस तारा होत्या. बत्तीसही मी तोडल्या. दादा बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याची सायकल घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, ‘हवा बघ जरा.’ मला वाटलं, दुकानातल्या सायकलींची म्हणतोय; तो स्वतःच्या चाकाची म्हणत होता. मी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

पुढे बारा वर्षांनी कुणीतरी सांगितलं की, ट्रकखाली गेला. सांगणाऱ्याने दुसऱ्याकडून ऐकलं होतं, त्या दुसऱ्याला शोधलं तर तो म्हणे मी असं बोललोच नाही. पण आईने ते खरं धरलं आणि हाय खाल्ली. आईनंतर बाबा. बाबा गेले त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, ‘ती पहिली तार तशी ठेवली असती तर काय बिघडलं असतं गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ तेव्हापासून घरात दादाचं नाव घ्यायला माणूसच उरलं नाही.

तर त्या दिवशी भानावर आल्यावर मी त्या चाकाच्या तारा नीट पाहिल्या. फ्रेम माझ्याहून मोठी, पण तारा पांढऱ्या, न गंजणाऱ्या, डोक्यावर अक्षर ठोकलेल्या. ही तार आमच्या बाजारात येऊन आठ वर्षंसुद्धा झालेली नाहीत. म्हणजे हे चाक बांधणारा माणूस आठ वर्षांच्या आत जिवंत होता. ट्रकखाली बावीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस आठ वर्षांपूर्वी चाक कसं बांधेल? मी हे मोजून पाहिलं, पाटीवर लिहून पाहिलं, चावीवाल्याला विचारून पाहिलं. उत्तर तेच येत होतं. मग ड्रॉवरच्या तळातून ती पितळी वाकडी नळी काढली आणि चाकात हवा भरली. दादाने हवा बघायला सांगितली होती.

भंगारवाल्याला ते घर विचारलं. तो रोज चाळीस दारं हिंडतो, त्याला गल्लीसुद्धा आठवेना, आज यांचा पत्ता ऐकल्यावर आठवली. म्हणून मी सायकल दुकानाबाहेर टांगली, पुढचं चाक रस्त्याकडे करून, आणि खाली पाटी लावली, ‘विकायची नाही. कुणाची असेल त्याने ओळखावी.’ चोर अशी पाटी लावतो का, हे साहेबांनी लिहून घ्यावं. तीन महिने माझा जीव टांगणीला. कुणीही चाकाकडे पाहिलं की मी पाना टाकून बाहेर धावायची. एक मनुष्य तर नुसती चप्पल झटकायला थांबला होता, त्यालाही मी हैराण केलं. काल सकाळी अकरा वाजता तक्रारदार आले. त्यांनी पाटी वाचली नाही. घंटी वाजवली आणि म्हणाले, ‘ही माझ्या वडिलांची सायकल आहे.’ मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, ‘चाक कुणी बांधलं?’ ते म्हणाले, ‘सायकल द्या.’ मी म्हटलं, ‘सायकल न्या हो, चाक कुणी बांधलं ते सांगा!’ त्यांना वाटलं, बाई वेड लागल्याचं सोंग करतेय. मीही हात सोडला नाही, कारण एक माणूस मी असाच नुसती मान हलवून जाऊ दिला होता. मनगटाला लागलं असेल तर माफी मागते.

सायकल यांचीच आहे, यावर माझं काही म्हणणं नाही. दुरुस्तीचं काही मागायचं नाही. सध्या ती मुद्देमाल म्हणून आवारात उभी आहे आणि शिपायाने चिठ्ठी पुढच्या चाकाच्या तारांना बांधली आहे. ती सोडून हँडलला बांधावी. माझी विनंती एवढीच की, सायकल ताब्यात देण्यापूर्वी यांना तो एक प्रश्न विचारावा.

साहेबांनी प्रश्न विचारला. तक्रारदार जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं, ते असं: ‘मी शेवटची नऊ वर्षं नदीपलीकडच्या गावाला होतो. रेल्वे फाटकाजवळ एक सायकलवाला आहे, डाव्या हाताने काम करणारा. निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी माझं पुढचं चाक मोडलं, ते त्याने बांधलं. मी म्हटलं, अहो, पंप कुठे लावू? तर हसला आणि म्हणाला, पहिली तार अशीच ठेवायची. आणि हे सोबत दिलं.’ असं म्हणून त्यांनी खिशातल्या चामडी पाकिटातून एक वाकडी नळी काढून टेबलावर ठेवली. मी माझी काढून शेजारी ठेवली. माझी पितळेची, ती तांब्याची. वाक तोच. साहेबांनी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या.

तक्रारदार पुढे म्हणाले, ‘ताई, त्या दुकानात मी एकदाही टपाल टाकलं नाही. त्याला कधी आलंच नाही. पण रोज दारावरून गेलो की विचारायचा, आहे का काही? नऊ वर्षं. मी म्हणायचो, मिस्त्री, कुणाचं यायचंय? तर म्हणायचा, बघा आपलं.’ शेवटचं कधी पाहिलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘गेल्याच महिन्यात. पेन्शनच्या कामाला गेलो होतो. सायकल चोरीला गेली म्हटल्यावर फार हळहळला. म्हणाला, सायकल जाऊ दे हो, माझं चाक गेलं.’

तक्रारदारांनी तक्रार मागे घेत असल्याचं तोंडी सांगितलं. घरी जाऊन कुणाशी तरी बोलायचं आहे, असंही म्हणाले. ते वेगळं लिहून घेणार आहेत. सायकल आज त्यांच्याकडे जाईल. पुढच्या चाकात हवा मी भरून दिली आहे. नदीपलीकडे पहिली बस सकाळी सहाला आहे. उद्या दुकान बंद राहील. पोलिसांना आणखी काही विचारायचं असल्यास परवा यावं, किंवा जेव्हा मी येईन तेव्हा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, एक शब्द सोडून. ‘मला एक थोरला भाऊ होता’ असं मी सांगितलं होतं, ते चुकीचं आहे. साहेबांनी ‘होता’ खोडून वर ‘आहे’ लिहिलं. खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली. साहेब म्हणाले, सही वाचता येत नाही, पुन्हा करा. ती पुन्हा केली आहे.