भंडारा उचलला आन् दवाखान्याला कुलूप लागलं

मी मूळचा निरवांगीचा, पर जन्म घरात न्हाय झाला, मेंढरांच्या तळावर झाला, कारण बाप मेंढरं घिऊन मुलूखभर फिरायचा आन् आई त्याच्या मागनं. धाकटी बहीण हिरा बी तशीच तळावर जन्मली, तवा जवळपास ना दवाखाना ना सुईण, रक्त जाऊन आई तितंच गेली. काय सांगू तुमाला, तिचं तोंड आठवाय गेलं तर आठवत न्हाय, पर ती निजली हुती ते घोंगडं आठवतंय.

पुढं बापानं मेंढरं विकली, मला शिकीवलं, आन् मी भवानीनगरला औषधाचं दुकान टाकलं. ते चाललं. मग एक डॉक्टरीणबाई आणून फाट्यावर बाळंतपणाचा दवाखाना काढला. मी डॉक्टर न्हवं बरं का, मालक, पर लोकं मलाच डॉक्टर म्हणायची. हिरा तितं बाळंतिणींचं बघायची, पोर जन्मलं की बिरोबाचा भंडारा, म्हंजी देवाची हळद, बोटानं त्याच्या कपाळाला लावायची, डॉक्टरीणबाई रागवायच्या तरी लावायची.

मग लोकांनी मला आमदारकीला उभा केला. समोरच्यानं बोंब उठवली, ह्याचा खाजगी दवाखाना हाय, हा सरकारी कशाला येऊ दील. बिरोबाच्या देवळात सभा हुती, तितं हिराचा सासरा उठला, म्हणला, तात्या, सरकारी दवाखाना आणणार हे खरं असंल तर भंडारा उचला. आता कोर्टात खोटं बोलंल माणूस, पर आमच्यात देवाचा भंडारा हातात घिऊन कोण न्हाय बोलत. मी मूठ भरली आन् म्हणलो, सरकारी दवाखाना उघडंल त्या दिवशी माझ्या दवाखान्याला कुलूप. एवढं कुणी मागितलं बी न्हवतं. देऊळभर चांगभलं झालं. हिरा बायांत बसली हुती, ती तेवढी माझ्या मुठीकडं बघत राहिली.

निवडून आलो. मुंबईला खेटे घातले, मंत्र्याच्या दाराम्होरं बसून बसून सरकारी दवाखान्याची इमारत मंजूर करून घेतली, फरशी, क्वार्टर, पाण्याची टाकी समदं. फीत कापली आन् त्याच दुपारी माणसं माझ्या दवाखान्याम्होरं आली, भांडाय न्हाय, हलगी वाजवत, कौतुकानं, तात्या शब्दाला जागतोय म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणल्या, अहो, आधी तिकडं डॉक्टर तर येऊ द्या. मी म्हणलो, येईल की, ऑर्डर निघालीय. आन् कुलूप घातलं. बाई पुण्याला गेल्या.

डॉक्टर काय आला न्हाय. म्हंजी एक आला, बॅग सुदीक नीट न सोडता रजेवर गेला आन् बदली करूनच घेतली त्यानं. सभागृहात उठून विचारलं, उत्तर आलं, पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे. परत विचारलं, परत तेच. आमदार असून मला एक डॉक्टर आणता आला न्हाय, हे लिवा तुमी.

हिराच्या सुनंचे दिवस भरले, जीपमधी घालून बारामतीला निघाले, आन् वाटंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, पुढं सरकंना. पोर जीपमधीच झालं. रडलं न्हाय ते. हिरानं भंडाऱ्याची पुडी कनवटीला घेतली हुती, ती तशीच राहिली.

तवा मी म्हणलं, आता उघडतोच दवाखाना, दुसरी डॉक्टरीण आणतो. तर ज्याचं पणतवंड गेलं त्या हिराच्या सासऱ्यानंच माझ्याम्होरं हात जोडले. म्हणला, तात्या, भंडाऱ्याशी खेळू नका, अजून घरात लेकरंबाळं हायती. समदा गाव त्याच्या मागं उभा. बाया काय म्हणत हुत्या ते कुणी विचारलं न्हाय. पुढच्या निवडणुकीत मी पडलो बी, म्हणत्यात तात्यानं असलेला दवाखाना घालवला. खरंच हाय ते.

आता माझ्या त्या इमारतीत मंगल कार्यालय हाय. बाळंतपणाच्या खोलीत नवरीला नटवत्यात. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कडबा रचलाय. हिरा दर रविवारी देवळातनं येती, पूर्वी आली की आधी माझ्या कपाळाला भंडारा लावायची, आता भाकरी ठिवती आन् जाती. मी बी मागत न्हाय.

लई बोललो. निघा तुमी, उजेड हाय तवर पोचाल. देव तुमचं भलं करो. आन् घरात कुणी बाळंत व्हायची असंल तर दिवस भरायच्या आधीच तिला बारामतीला नेऊन ठिवा, हितं कुणाच्या भरवशावर राहू नका.