रोवलेला दात

तोंडातनं बोट काढा! आधी बोट काढा म्हणते ना! अशी ती डॉक्टरीणबाई वरडली, आन नारायणगावच्या त्या दवाखान्यातले पेशंट बाकड्यावरनं उठून उभे राह्यले. एवढीशी पोरगी, पुण्याहून शिकून आलेली, पण आवाज असा की माईकवर बसवली तर आमची सगळ्यांची सुट्टी. मी म्हणलं, बाई, हलतोय का तेवढं बघत व्हतो. ती म्हणाली, दिवसातून किती वेळा बघता? मी म्हणलं, लई न्हाई, जाता येता.

पण असं मधनंच कळायचं न्हाई तुमाला. बुडापासनं सांगतो.

मी बबन, पिंपळवंडीचा. धंदा द्राक्षबागंचे मांडव उभे करायचा. खड्डा घ्यायचा, खांब उभा करायचा, मुरूम टाकून पहारीनं ठासायचा, आन दुसऱ्या दिवशी जाऊन गदागदा हलवून बघायचा. हलला की अजून मुरूम. ओतूरपासनं मंचरपर्यंत माझे खांब हायेत. वादळात बाग झोपंल, बागंचा मालक झोपंल, पण माझा खांब न्हाई झोपायचा. हे झालं पोटासाठी. जीव मातर बैलगाड्यांच्या घाटात. घाट म्हंजे शर्यतीची चढाची वाट, आन तिथं माईकवर पुकारणारा मी. माझं एक भिर्रर्र ऐकलं की आण्याच्या पठारावरची म्हातारी बैलं दावं तोडून उठायची, असं लोक सांगतात. लोक म्हंजे मीच.

त्याच घाटात एका बैलानं मान झटकली आन माझा वरचा पुढचा दात गेला. इतका उंच उडाला की डिंभ्याच्या धरणात पडला असंल, आमाला तर घावला न्हाई. रगत थांबलं, पण त्या फटीतनं शिट्टी सुरू झाली. स म्हणलं की शिट्टी. पुढल्या जत्रंत मी गर्दीला म्हणलं, सरका मागं, सरका, तर जुंपून उभी असलेली बैलं इशारा समजून सुटली की राव! घड्याळवाल्यानं घड्याळ दाबलं न्हाई, बैलांच्या पुढं घोडी पळवायचा तो घोडीवाला अजून चहा पीत व्हता. कमिटी म्हणली, बबनराव, दात बसवा न्हाईतर माईक सोडा. आन माईक दिला जुन्नरच्या इस्माईलभाऊला. फळांचा व्यापारी, आवाज खणखणीत, माझा जुना दोस्त. तो म्हणला, राग मानू नका, माईक तुमचाच हाये, मी नुसता गरम ठेवतो. काय सांगू तुमाला, माझ्या घाटात मी खाली उभा आन दुसऱ्याचा आवाज वर!

आधी काढघालीचा दात केला. पहिल्याच भिर्रर्रला तो सुटला आन एका पावण्याच्या भेळंत जाऊन पडला. पावणं म्हणलं, खोबरं लई कडक हाये.

मग ही डॉक्टरीणबाई. तिनं सांगितलं, हाडात स्क्रू बसवते, काही महिने थांबायचं, हाडानं धरला की वर दात. तंबाखूची मिश्री बंद, जिभेनं ढकलायचं नाही, हात लावायचा नाही, सूज आली तर लगेच यायचं. मी मान डोलावली, पण डोक्यात काय, की स्क्रू म्हंजे खांबच. खड्डा झाला, खांब झाला, मग ठासायचं कोण? म्हणून रोज सकाळी भोवतीनं मिश्री चांगली दाबून बसवली, आन हलवून बघितला. हलला की अजून मिश्री. हिरड सुजली तरी मी म्हणतोय, नवा खांब हाये, जरा दम धरा. गाल असा फुगला की शिवनेरी सोडून लोक माझ्यावर चढले असते. पू आला, वास सुटला, आमच्या हिरानं, म्हंजे आमच्या मंडळीनं, जेवायला पाठ करून बसायला सुरवात केली. तवा कुठं दवाखान्यात गेलो, आन तिथं ते बोट काढा.

बाईनं तो स्क्रू दोन बोटांनी उपसून काढला. जोर सुदीक लावला न्हाई! माझा खांब असा कधी निघाला न्हाई हो. ती म्हणाली, काका, खांबाला मुरूम धरतो, याला तुमचं हाड धरतं. रोज हलवलंत म्हणून धरलं नाही, आणि तंबाखूनं जखम चिघळली. आता हाड भरलं तर दुसरा बसेल. नाही भरलं तर नाही. एसटीत मी घरापर्यंत रोवलेल्या खांबावानी बसून व्हतो. कंडक्टरनं दोनदा हलवून बघितलं मला.

हिरानं ऐकलं, आन माझा मिश्रीचा डबा उचलला, मागनं सोताचा बी उचलला, दोन्ही गोबरगॅसच्या टाकीत. म्हणली, मी बी सोडते, आता तुमी कुरकुर करा बरं. पंधरवडाभर आमची शेगडी शिंकत व्हती. माझं बोट तोंडाकडं निघालं की ती हातात लसूण द्यायची सोलायला. त्या साली पिंपळवंडीत कुणाला लसूण सोलावा लागला न्हाई.

आन हाड भरलं! दुसरा स्क्रू धरला, वर दात बसला, हुबेहूब. जत्रंला इस्माईलभाऊनं माईक सोताच्या उपरण्यानं पुसला, म्हणला, घ्या, गरम हाये. मी जीव मुठीत धरून म्हणलं, सरका मागं, सरका. शिट्टी न्हाई! बैलं जागंवर, साहेब तपासणीला आल्यावर पोरं उभी राहत्यात तशी. मग बैलगाड्याची खरी बारी सुटली आन मी जे भिर्रर्र केलं, ते कळंबच्या लोकांनी दारं लावून घेतली. डॉक्टरीणबाईला मुद्दाम बोलावलेलं, तिचा नारळ देऊन सत्कार केला, आन भर मंडपात मी आ करून म्हणलं, बाई, बघा तुमचा खांब, तसूभर हलत न्हाई!

नारळ पिशवीत ठेवत ती म्हणाली, हलत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?